आत्याबाईंचे फौजेतले कागद

११ सप्टेंबर २०२४, मंचर

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. हे काम मी तडीस नेणार, आणि नेल्यावर घरातले सगळे म्हणणार की हे आधी त्यांनाच सुचलं होतं. तेव्हा पुरावा असलेला बरा.

उगमबाई माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, माझ्या आत्याबाई. वय सत्त्याहत्तर. पिंपरी पेंढारला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या आणि दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. जुलैत अंगणात पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. माझा नवरा अरिहंत त्यांना दवाखान्यातून थेट आमच्याकडे घेऊन आला, वडलांना न विचारता. पप्पाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विरोध केला नाही. त्याच दिवसापासून मात्र वरच्या मजल्यावरची आपली खोली सोडून खाली हॉलमध्ये, आत्याबाईंच्या दारासमोरच्या दिवाणावर झोपायला लागले. म्हणतात, वरचा पंखा आवाज करतो. अरिहंतनं पंखा दुरुस्त करून दिला तरी अजून खालीच आहेत. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

भाऊ-बहीण एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून उठल्या नाहीत तर पुढं कधीच उठणार नाहीत. त्यांना मनवायचे माझे सगळे उपाय करून झाले.

आज मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या नावांचा स्तंभ मंचरला उभा राहणार, सव्वीस जानेवारीला उद्घाटन, नावं नोंदवा, अशी बातमी होती. भिंतीकडून आवाज आला, "मी पण होते की फौजेत."

मला वाटलं, झोपेत बोलल्या.

"नर्सिंगमध्ये. कॅप्टन होऊन सुटले," असं म्हणून त्या वळल्या. जुलैपासून पहिल्यांदा स्वतःहून वळल्या.

सोळा वर्षं मी या घरात आहे. आजवर एवढंच ऐकलं होतं की आत्याबाई तरुणपणी "कलकत्त्याकडं नोकरीला" होत्या.

संध्याकाळी पप्पाजींना विचारलं. ते ताटातले मिरचीचे तुकडे निवडत राहिले. "झालं ते झालं. आता कशाला उकरायचं?"

समाजात काय म्हणतील याची भीती, दुसरं काय. आम्हा बोथरांची मुलगी, त्यात विधवा, पलटणीत गेली हे कोणाला कळायला नको. पण आता कळणार आहे.

१३ सप्टेंबर

सुभेदार गेणभाऊंना भेटले. अवसरी बुद्रुकचे, माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष. उन्हात कांद्याची चाळ साफ करत होते, तरी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"नर्स व्हय?" ते म्हणाले. "ताई, राग मानू नका. दवाखान्याचं काम लई पुण्याचं. पन स्तंभावर फौजी मान्सं घ्यायचीत."

"त्या फौजेतच होत्या. कॅप्टन होत्या."

"आसं लई जन म्हनत्यात. एक जन तर क्यांटीनला भाजी द्यायचा, त्यो बी आला व्हता नाव घालाया. कागद आना. आमी कागद बघून नाव घेतो, मान्सं बघून न्हाई."

मी चहा न पिता उठले. त्यांच्या बायकोनं मग पिशवीभर कांदे बळंच गाडीत ठेवले, त्यामुळे माझा राग नीट दिसला नाही.

१६ सप्टेंबर

कागद पिंपरी पेंढारच्या ट्रंकेत आहेत असं आत्याबाई म्हणाल्या. आज गेले. शेजारच्या कुशाबाईंकडे किल्ली होती.

दोघींनी मिळून ट्रंक उघडली. वाळवी. खालची निम्मी ट्रंक म्हणजे नुसती माती. वरच्या चार साड्यांना मात्र काही झालं नव्हतं.

कुशाबाई रडकुंडीला आल्या. "मी कवाच उघडून बगायला पायजे व्हती. माझी तिन्ही पोरं बाईंच्या हातची. पान्यापावसात यायच्या. आन मला येवढं न्हाई जमलं."

मी म्हटलं, "मावशी, सरकारकडं दुसरी प्रत असतेच." हे मी इतक्या खात्रीनं म्हणाले की मलाच ते खरं वाटलं.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. "जाऊ दे. नसेल व्हायचं."

व्हायचं आहे. मी ठरवलंय.

१९ सप्टेंबर

पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आले. कोणीतरी हाकलून देणार अशा तयारीनं गेले होते, सगळी उत्तरं एसटीत पाठ केली होती. एकही लागलं नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. अर्ज दिल्लीला कुठं पाठवायचा, सोबत काय काय जोडायचं, अर्ज आत्याबाईंच्याच सहीनं कसा हवा, सगळं सांगितलं. "पर्सनल नंबर असेल तर लवकर सापडेल, नसला तरी नाव आणि साल लिहा," म्हणाल्या.

नाव: उगम बोथरा. साल: १९७०. आत्याबाईंनी पडल्या पडल्या सही केली. अक्षर थरथरलेलं, पण सही इंग्रजीत आणि शेवटी एक ऐटबाज रेघ. मी त्यांना चष्मा न देताच पुढं कागद धरला होता, म्हणून वरचं त्यांना वाचता आलं नसेल.

अर्ज जेवणाच्या टेबलावर राहिला होता. पप्पाजी तो हातात घेऊन उभे होते. मला बघितल्यावर खाली ठेवला आणि म्हणाले, "नाव बरोबर आहे का बघ एकदा."

मी म्हटलं, "पप्पाजी, मी एम.कॉम. आहे."

स्पीड पोस्ट केलं.

७ ऑक्टोबर

खाली आमच्या कापडाच्या दुकानात नवरात्राची गर्दी. पप्पाजी गल्ल्यावरून रोज विचारतात, पोस्ट आलं का? बँकेचं नवं चेकबुक यायचंय, त्याची त्यांना फार काळजी. अरिहंतला सांगितलं, एकदा बँकेत जाऊन ये. तो म्हणाला, चेकबुक मागच्याच महिन्यात आलंय.

विसरायला लागलेत बहुतेक.

२२ ऑक्टोबर

दिल्लीचं उत्तर आलं. उगम बोथरा या नावाची कोणतीही नोंद त्या काळात सापडत नाही. पर्सनल नंबर व सेवेत दाखल होतानाचं नाव कळवावं.

दाखल होतानाचं नाव! मी पळतच आत्याबाईंकडे गेले.

"मुथा," त्या म्हणाल्या. "उगम मुथा. घोडनदीच्या मुथांकडे दिली होती ना मला. सहा महिन्यांत टायफॉइडनं गेले ते. मी फौजेत जाते म्हटल्यावर वडील म्हणाले, माझं नाव लावायचं नाही. मग सासरचं लावलं. सासरचे तर विचारतही नव्हते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं? तू लिहिलंस."

खरं आहे. मी लिहिलं. पप्पाजींनी अर्ज हातात धरून सांगितलं तेव्हाही ऐकलं नाही. एक महिना माझ्या एम.कॉम.मुळे गेला.

२४ ऑक्टोबर

आता नंबर. आत्याबाई सकाळी एक सांगतात, दुपारी दुसरा. सुरुवातीची इंग्रजी अक्षरं पक्की आहेत, पुढचे आकडे फिरतात. ऑपरेशननंतर अशा बऱ्याच गोष्टी फिरल्या आहेत. मी तीन वेगवेगळे नंबर लिहून घेतले आणि पुन्हा विचारलं. मग चौथ्यांदा विचारलं. त्यांनी वहीच भिरकावली.

"मला माझा नंबर आठवत नाही, राखी! फौजेतल्या माणसाला नंबर आठवत नाही म्हणजे काय, तुला कळतंय का?"

खूप वेळ रडत होत्या. दार उघडंच होतं. पप्पाजी हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांचा इतका राग आला. सख्खी बहीण रडतेय आणि हा माणूस एकच पान धरून बसलाय.

आज पहिल्यांदा वाटलं की हे सगळं मी माझ्यासाठी चालवलंय. घरात मी कोणीतरी आहे हे दिसावं म्हणून. त्या बिचाऱ्या बऱ्या होत्या भिंतीकडे तोंड करून.

२५ ऑक्टोबर

नीट लिहिते, कारण हे विसरायचं नाहीये.

संध्याकाळचं जेवण. आम्ही जैन, सूर्यास्ताच्या आत आमची ताटं उचललेली असतात. मी पप्पाजींना खिचडी वाढत होते. त्यांनी ताटातून मान वर न करता दोन इंग्रजी अक्षरं उच्चारली आणि पुढं पाच आकडे. एकेक सुटा, गिऱ्हाईकाला माप सांगतात तसा.

मी वाढणं थांबवलं.

"लिही," ते म्हणाले. "लेफ्टनंट उगम मुथा. नाव नंतर, नंबर आधी."

"तुम्हाला कसा माहीत?"

"पत्त्यावर लिहावा लागायचा."

आणि हात धुवायला उठले. खिचडी तशीच.

मी तसाच तो नंबर आत्याबाईंना जाऊन सांगितला. पाच आकडे संपायच्या आत त्या माझ्याबरोबर म्हणायला लागल्या. शेवटचे दोन तर माझ्याआधी म्हणाल्या. मग विचारलं, "कोणी सांगितला?"

"पप्पाजींनी."

त्यांनी दाराकडे बघितलं. हॉलमध्ये दिवाण रिकामा होता, पप्पाजी खाली दुकानात निघून गेले होते. तिथं गल्ल्यावर अरिहंत होताच, त्यांचं काही काम नव्हतं.

नवा अर्ज आजच लिहिला. या वेळी आधी मोठ्यानं वाचून दाखवला.

१० नोव्हेंबर

दिवाळीत लिहायला फुरसत नव्हती. आज भाऊबीज होऊन आठवडा झाला. भाऊबीजेला आत्याबाईंनी पलंगावर उशीला टेकून पप्पाजींना ओवाळलं. मी पप्पाजींच्या तोंडून पहिल्यांदा "जीजी", म्हणजे ताई, ऐकलं. पप्पाजींनी ओवाळणीत शाल घातली आणि म्हणाले, "जीजी, थंडी पडेल आता." एवढंच. पण मग दहा मिनिटं तिथंच बसून राहिले.

आज मी पाय चोळून देत होते तेव्हा आत्याबाई आपणहून बोलल्या.

"दली, तुझा सासरा, अठरा वर्षांचा होता मी गेले तेव्हा. वडलांनी माझं नाव घ्यायचं नाही सांगितलं होतं घरात. हा दुकानातून पत्र लिहायचा. दर पंधरा दिवसांनी. कापडाचे भाव लिहायचा, पावसाचं लिहायचा, आईच्या गुडघ्याचं लिहायचा. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा आमच्याकडे आगगाडीनं जखमी यायचे. एकेका गाडीत इतके, की ड्युटी कधी संपली ते कळायचं नाही. आणि बराकीत येऊन बघावं तर याचं पत्र. लाल टिकलीची साडी लई खपतेय म्हणून. मी हसायचे."

"मग थांबलं कसं?"

"मीच थांबवलं. त्याचं लग्न ठरलं. पोरीकडचे कडक. बहीण पलटणीत आहे, कसल्या कसल्या माणसांना हात लावते, हे कळलं असतं तर मोडलं असतं. मी लिहिलं, आता पत्र पाठवू नकोस, आलं तरी उघडणार नाही." त्यांनी शालीचा काठ सारखा केला. "ऐकलं त्यानं. लहान भाऊ ना. ऐकायचंच."

"तुम्हाला वाटत होतं का, त्यांनी ऐकू नये?"

"अगं, हळू चोळ. दुखतंय."

मी तर हळूच चोळत होते.

नंतर गंमत म्हणून सांगितलं त्यांनी, की मेसमध्ये सूर्यास्ताआधी यांचं जेवण वेगळं काढून ठेवलेलं असायचं. गढवालचा एक स्वयंपाकी होता, तो घड्याळ न बघता आभाळाकडे बघून हाक मारायचा, "दीदी, सूरज जा रहा है." लढाईच्या दिवसांत कितीदा तसंच उपाशी राहिल्या, पण अंधारात जेवल्या नाहीत. आणि इकडे घरात धरून चालले होते की पोरगी धर्माला मुकली.

हे मी रात्री अरिहंतला सांगितलं, मुद्दाम हॉलमध्ये, मुद्दाम मोठ्यानं. पप्पाजी डोळे मिटून पडले होते. झोपले असावेत.

२ डिसेंबर

काही नाही. निवडणूक झाली, आचारसंहिता संपली, दिल्लीहून अक्षर नाही. गेणभाऊंचा फोन आला, दगडावर नावं कोरायला घेतलीत, महिनाअखेर यादी बंद. मी म्हटलं, एक ओळ मोकळी सोडा. ते म्हणाले, "ताई, दगडावर मोकळी वळ बरी दिसत न्हाई." मी म्हटलं, तिथं नाव कोरल्यावर दिसेल.

फोन ठेवून दोन पेले पाणी प्यायले. पण आवाज थरथरला नाही, ते महत्त्वाचं.

१९ डिसेंबर

आलं!

जाड खाकी पाकीट. पोस्टमननं दुकानात दिलं. पप्पाजींनी ते गल्ल्यावर ठेवलं नाही, उघडलं नाही, गिऱ्हाईक तसंच सोडून जिना चढून वर आले. बाहत्तरव्या वर्षी धापा टाकत.

"जीजी," त्यांनी पाकीट पुढं केलं.

"तूच वाच. माझा चष्मा कुठाय कोणास ठाऊक," आत्याबाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसले. चार पानं. नेमणूक कधी, बढती कधी, कुठल्या हॉस्पिटलला कधीपासून कधीपर्यंत, कोणतं पदक लागू, सेवामुक्ती कधी. कोरडं. इतक्या धडपडीनंतर काहीतरी मोठं असेल असं वाटलं होतं. पण पप्पाजी एकेक ओळ वाचत होते आणि आत्याबाई त्यांचे उच्चार सुधारत होत्या. "बेस हॉस्पिटल रे, बास नाही." एका तारखेला त्यांनी हात वर केला. "थांब. या दिवशी मी नव्या वॉर्डात गेले. तू तेव्हा आईच्या आजारपणाचं लिहिलं होतंस." पप्पाजी म्हणाले, "हो. आणि तू औषध लिहून पाठवलं होतंस. मी आईला सांगितलं डॉक्टरांनी दिलं."

"लागू पडलं?"

"पडलं."

पन्नास वर्षांनी हे विचारून झालं त्यांचं. दीड तास ती चार पानं चालली होती. मी खाली जाऊन गिऱ्हाईक बघितलं.

२१ डिसेंबर

झेरॉक्स घेऊन मीच अवसरीला निघाले होते, पण गेणभाऊ म्हणाले, म्यॅडमला बघायचंय, मीच येतो.

आले ते डोक्यावर फौजेची टोपी घालून, बूट चकाकते. खाटेशेजारी खुर्चीवर बसून चारही पानं बोट फिरवत वाचली. पहिल्या पानावरच बोट थांबलं. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. मी सुभेदार आणि कॅप्टन यातलं वर कोण हे अरिहंतला कालच विचारून ठेवलं होतं, पण मला बोलायची वेळ आली नाही. गेणभाऊ उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला.

"जय हिंद, म्यॅडम."

पलंगावर उशीला टेकलेल्या आत्याबाईंची पाठ मी ताठ होताना बघितली. "जय हिंद, साहब. आराम से."

गेणभाऊ मग माझ्याकडे वळले. "ताई, माझं चुकलं. बाईमानूस आन नर्स म्हनून मी आधीच ठरवलं व्हतं. कागदाआधी इचारायला पायजे व्हतं मी."

मी काहीतरी मोठ्या मनाचं बोलणार होते, तेवढ्यात पप्पाजी म्हणाले, "सुभेदारसाहेब, दगडावर नाव काय घालणार?"

"कागदावर हाय त्येच. कॅप्टन उगम मुथा."

पप्पाजींनी पानावरच्या नावावर बोट ठेवलं. "मध्ये 'बोथरा' पण घाला. माहेरचं. जागा होत नसेल तर अक्षरं बारीक करा."

आत्याबाईंनी तोंड वळवलं. पण या वेळी भिंतीकडे नाही, खिडकीकडे.

१२ जानेवारी २०२५

वॉकर घेऊन रोज व्यायाम. मी सांगून सांगून थकले होते, आता पप्पाजी सकाळी दुकान उघडायच्या आधी येतात आणि नुसते दारात उभे राहतात. त्या उठतात. दहा पावलं टाकतात, शिव्या देतात, बसतात. शिव्या हिंदीत आहेत आणि जैन घरात शोभणाऱ्या नाहीत. पप्पाजी ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

उठायला फार वेळ लागतो. दोन्ही हात दांड्यांवर, मग पुढं झुकायचं, मग श्वास, मग पाय. घाई केली की तोल जातो. सव्वीसला बसूनच राहा, असं मी सांगितलं. बघते, म्हणाल्या.

२६ जानेवारी

आत्ताच घरी आलो. सगळे झोपलेत दुपारचे, मला झोप येत नाहीये.

चौकात मांडव. बाजारपेठेतली झाडून सगळी माणसं, आमच्या जैन स्थानकातले विश्वस्त पहिल्या रांगेत. आम्ही आत्याबाईंना चाकाच्या खुर्चीतून नेलं, वॉकर मांडीवर आडवा. नेसल्या होत्या ट्रंकेतल्या चार साड्यांतली एक. विश्वस्तांतल्या एका काकांनी पप्पाजींना विचारलं, "ह्या कोण?" मांडवातल्या गोंगाटात पप्पाजी काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. काकांनी मात्र पुन्हा विचारलं नाही.

निवेदक एकेक नाव वाचत होता. जे हयात आहेत ते उठून उभे राहायचे, जे नाहीत त्यांच्या घरचं कोणीतरी. नाव, टाळ्या, पुढचं नाव. भरभर चाललं होतं, पाहुण्यांना पुढं जायचं होतं.

"कॅप्टन उगम बोथरा मुथा."

कोणाचीच टाळी पडली नाही. लोक माना वळवून बघत होते, कॅप्टन कोण म्हणून. आत्याबाईंनी वॉकर जमिनीवर टेकवला. दोन्ही हात दांड्यांवर. निवेदकाला खुर्चीतलं कोणी उठताना दिसलं नसावं. त्यानं एक क्षण थांबून पान उलटलं आणि पुढचं नाव वाचायला सुरुवात केली.

"थांबा!"

पप्पाजी उभे होते. दुकानात गिऱ्हाईकाशीसुद्धा कधी आवाज न चढवणारा माणूस. साऱ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं ओरडला.

"थांबा जरा! माझी बहीण उठतीये."

निवेदक गप्प झाला. अख्खा मांडव गप्प झाला. त्या पुढं झुकल्या. श्वास घेतला. मी हात द्यायला वाकले, तर पप्पाजींनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि आत्याबाई आपल्या वेळानं, कोणाचा आधार न घेता, सरळ उभ्या राहिल्या.